सुई दोन ‘टक’ मागे

नाशिक रोड भागात वाढलेल्या पोरांना इंजिनाचा आवाज नवा नसतो. गांधीनगरच्या धावपट्टीवरून चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं उठतात, जेल रोड-उपनगरच्या गच्च्यांवरून घिरट्या घालतात आणि परत उतरतात. सेनेचे वैमानिक घडवणारी ‘कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल’ २००३पासून इथे आहे. दक्षिणेला देवळालीचं तोफखाना विद्यालय. उत्तरेला ओझर, तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१पासून सुखोई-३०पर्यंतची लढाऊ विमानं तयार झाली. अशा आकाशाखाली राहणाऱ्या एखाद्या मुलाला स्वतःचं विमान उडवावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. फक्त त्याच्या हाती पहिलं इंजिन येतं तेव्हा ते मुठीत मावतं.

मॉडेल विमानाचं हे इंजिन साधारण साडेसात सीसीचं असतं. जुन्या इंची मापात ते ०.४६ घन इंच भरतं, म्हणून हौशी मंडळी त्याला नुसतं ‘फोर्टी-सिक्स’ म्हणतात. सायलेन्सर धरून वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि ताकद साधारण दीड अश्वशक्ती. शंभर सीसीची मोटरसायकल आठेक अश्वशक्ती देते. म्हणजे सीसीमागे हिशेब केला तर हे पिटुकलं यंत्र मोटरसायकलच्या अडीचपट काम करतं. ११ इंची पंखा लावून ते मिनिटाला १२ हजार फेरे घेतं, तेव्हा पंख्याचं टोक ताशी सुमारे ६३० किलोमीटर वेगानं हवा कापत असतं. या खेळात बोटं का कापली जातात, हे एवढ्या एका आकड्यावरून समजावं.

आज नवशिक्याला बहुतेक जण बॅटरीवरचं विमान घ्यायला सांगतात आणि तो सल्ला चांगलाच आहे. बॅटरी लावली की मोटर फिरते, तेलकटपणा नाही, आरडाओरडा नाही. पण इंजिन माणसाला जे शिकवतं ते मोटर शिकवत नाही. इंधन, हवा, उष्णता आणि कंप या चार गोष्टी एकमेकींत कशा अडकलेल्या असतात, हे शिकायला याच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक साधन दुसरं नसेल. ते चुकीचं बसवलं तर चालतच नाही आणि अर्धवट लावलं तर नेमकं हवेत दगा देतं.

या इंजिनाला मोटरसायकलसारखी ठिणगी लागत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘ब्राउन ज्युनियर’सारखी मॉडेल इंजिनं आली, ती ठिणगीचीच होती, कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचं ओझं विमानाला वाहावं लागे. युरोपात ठिणगी टाळून दाबावर पेटणारी छोटी ‘डिझेल’ इंजिनं बनली. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर ती चालत. आपल्याकडे कोलकात्याला बनणारी ‘अरोरा’ इंजिनं एनसीसीच्या हवाई विभागातल्या जुन्या कॅडेटांना आठवत असतील. मग १९४७मध्ये रे आर्डेन या अमेरिकी माणसानं ‘ग्लो प्लग’ बाजारात आणला आणि सगळं चित्र पालटलं. प्लगच्या पोटात प्लॅटिनमयुक्त तारेचं इवलंसं वेटोळं असतं. सुरुवातीला त्याला दीड व्होल्टच्या सेलनं लाल करायचं. एकदा इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की रासायनिक क्रियेनं तार स्वतःच तापलेली राहते. पुढचा प्रत्येक स्फोट आधीच्या स्फोटाच्या धगीवर होतो. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, विमान हलकं झालं.

म्हणून इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. त्यात साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ताकदीसाठी थोडं नायट्रोमिथेन. तेलात एरंडेलाचं स्थान अजून कोणी हिरावून घेतलेलं नाही. इंजिन बेसुमार तापलं की कृत्रिम तेलं जळून जातात, एरंडेल मात्र धातूला चिकटून राहतं. त्याची किंमत म्हणून इंजिनाच्या अंगावर तपकिरी चिकट थर चढतो आणि सायलेन्सरमधून उडालेला तेलाचा तवंग शेपटीपर्यंत पुसावा लागतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मिथेनॉल विष आहे. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. त्याच्या विक्रीवर कायद्याची बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. घरात ते ठेवायचंच तर मूळ डब्यात, नाव लिहून, कुलपात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही. दुसरा धोका असा की त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. मैदानावर आग लागली तर आधी हाताला चटका बसतो, मग कळतं.

आता बांधणी. विमानाच्या नाकात पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची आडवी फळी असते, तिला सगळे ‘फायरवॉल’ म्हणतात. इंजिनाचा सगळा ओढा, सगळा थरकाप या फळीवर येतो. तिला काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा ‘माउंट’ बसवतात आणि माउंटच्या दोन दांड्यांवर इंजिनाचे कान टेकवतात. भोकं पाडताना घाई केली की इथेच फसगत होते. इंजिन जागेवर ठेवून, कानांच्या भोकांतून खूण करून, आधी बारीक ड्रिलनं आणि मग योग्य मापाच्या ड्रिलनं भोक पाडायचं. फळीच्या मागून काटेरी नट ठोकायचे, पुढून बोल्ट आवळायचे आणि आट्यांवर ‘थ्रेड लॉक’चा थेंब सोडायचा. मिनिटाला १२ हजार हिसके बसल्यावर साधा बोल्ट पंधरा मिनिटांत ढिला होतो. सैल बोल्टचं इंजिन थरथरतं, थरथर टाकीपर्यंत जाते, टाकीत फेस होतो, फेसामुळे इंधन तुटतं आणि इंजिन बंद पडतं. मग नवशिका कार्बोरेटर उघडून बसतो. दोष असतो चार बोल्टांत.

इंजिन नाकाच्या अगदी सरळ रेषेत बसवायचं, असं कोणालाही वाटेल. तसं बसवत नाहीत. मागून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलतं. शिवाय पंख्यानं मागे फेकलेली हवा पिळा घेत शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते आणि नाक आणखी डावीकडे वळतं. यावर उपाय म्हणून इंजिन एक-दोन अंश उजवीकडे वळवून बसवतात. पूर्ण रेस दिली की नाक वर उचललं जातं, म्हणून तेवढंच खालीही झुकवतात. हे साधायला माउंटखाली एका बाजूला वॉशर सरकवले की पुरतं. मात्र इंजिनाचा दांडा फळीपासून बारा सेंटिमीटर पुढे असेल, तर दोन अंशांच्या वळणानं पंखा मध्यापासून चार मिलिमीटर उजवीकडे जातो. म्हणून जाणकार माणूस माउंटच आधी चार मिलिमीटर डावीकडे घेतो. मग समोरून पाहताना पंखा नाकाच्या बरोबर मध्यावर दिसतो आणि आतला कोन कोणाच्या लक्षातही येत नाही.

टाकीची जागा ही या सगळ्या बांधणीतली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे आणि इंजिन बंद पडण्याची निम्मी कारणं तिथे सापडतील. या विमानांत बहुधा पंप नसतो. सायलेन्सरमधून टाकीला जोडलेल्या नळीतून थोडा दाब मिळतो, बाकी काम कार्बोरेटरच्या ओढीवर. म्हणून टाकीचा मध्य कार्बोरेटरच्या सुईच्या पातळीत किंवा जेमतेम सेंटिमीटरभर खाली हवा. टाकी वर बसली तर इंधन आपसूक वाहून इंजिन तुंबतं. फार खाली बसली तर भरलेल्या टाकीवर छान चालणारं इंजिन टाकी उतरत जाते तसं उपाशी राहू लागतं. टाकीच्या आत मऊ नळीच्या टोकाला पितळी वजन असतं. विमान उलटं झालं, आडवं झालं तरी ते इंधनाबरोबर सरकतं आणि नळीचं तोंड बुडालेलं राहतं. हे वजन टाकीच्या मागच्या भिंतीला घासता कामा नये, पण तिच्या अगदी जवळ पोचायला मात्र हवं. टाकी स्पंजात गुंडाळून ठेवायची. नाकाच्या आतलं सगळं लाकूड पातळ इपॉक्सीनं रंगवून घ्यायचं, नाहीतर तेल पिऊन वर्षभरात प्लायवूडचे पापुद्रे सुटतात.

नाकावर झाकण असेल तर हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट दीडपट-दुप्पट मोठी ठेवावी लागते. तापलेली हवा फुगते, तिला निघायला जागा लागते. पंखा बसवण्याआधी तो तोलून घ्यायचा आणि जड पात्याला मागच्या बाजूनं हलका सँडपेपर मारायचा. अकरा बाय सहाच्या पंख्यातला सहा हा आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः सहा इंच पुढे जातो. १२ हजार फेऱ्यांना हा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास येतो. सगळं बसवून झालं की विमानाचा तोल पाहायचा. इंजिन हा सर्वांत जड भाग, त्यामुळे पंखाच्या रुंदीत पुढून पाव ते एक तृतीयांश भागात तोल येईतो बॅटरी पुढे-मागे सरकवावी लागते. शेपटीकडे जड झालेलं विमान सहसा पहिल्याच उड्डाणात मोडतं.

नव्या इंजिनाला आधी रुळवावं लागतं. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी सिलिंडर असतो. हा सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, त्यामुळे थंड इंजिन हातानं फिरवलं की वर जाताना पिस्टन अडकल्यासारखा वाटतो. घाबरण्याचं कारण नाही. तापल्यावर पितळ जास्त फुगतं आणि फट बरोबर होते. सातपूरच्या बॉशमध्ये (जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मायको’च) डिझेलचे नोझल घडवणाऱ्या नाशिककराला मायक्रॉनचा हा हिशेब कोणी शिकवायची गरज नाही. अशा इंजिनाला फार ओलं (म्हणजे जास्त इंधनावर) आणि थंड ठेवून रुळवणं चूक. त्याला त्याच्या खऱ्या तापमानावर थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्या द्याव्यात.

आणि मग येते सुई. कार्बोरेटरच्या बाजूला बाहेर आलेला खाचांचा एक स्क्रू. फिरवला की ‘टक टक’ असे ठोके बोटांना लागतात. आत वळवली की इंधन कमी, बाहेर सोडली की जास्त. सुरुवात पूर्ण बंद करून दोन-अडीच फेरे उघडून करायची. शेपटी कोणीतरी घट्ट धरलेली हवी, पंख्याच्या रेषेत कोणी उभं नको. पूर्ण रेसवर इंजिन आधी जड, भरलेल्या घशानं ‘घर्र’ करत चालतं, मागे पांढऱ्या धुराची शेपटी असते. इंधन जास्त आहे. आता मागे उभं राहून सुई एकेक टक आत घ्यायची. प्रत्येक टकानंतर दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. आवाज चढत जातो, घर्र मोडून स्वच्छ किनरा सूर लागतो आणि एका जागी येऊन तो आणखी चढेनासा होतो. नवशिक्याला वाटतं, हीच जागा. ही जागा नाही. इथून सुई दोन-तीन टक मागे, बाहेर यायला हवी, म्हणजे सूर अगदी थोडा उतरेल आणि धुराची रेघ पुन्हा दिसेल. कारण हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार कमी होतो, इंजिन जास्त फिरतं आणि मिश्रण आणखी कोरडं पडतं. शिखरावर लावलेलं इंजिन जमिनीवर सर्वांत गोड वाजतं आणि वर जाऊन मिनिटाभरात होरपळून बंद पडतं. खात्री करायला नाक आकाशाकडे उभं धरून पूर्ण रेस द्यायची. सूर तसाच राहिला किंवा किंचित चढला तर ठीक. खाली बसला, धाप लागल्यासारखं झालं, तर आणखी दोन टक मागे.

एवढं करूनही नाशिक रोडला काम संपत नाही, ते इथल्या हवेमुळे. हा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा इथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे तेवढा प्राणवायूही कमी. मुंबईत लावून आणलेलं इंजिन इथे ओलं चालतं, सुई थोडी आत घ्यावी लागते. पण उंचीपेक्षा मोठा खेळ तापमानाचा आहे. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी इथली थंडी आणि एप्रिलचं ऊन यांत केवढं अंतर! हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून उन्हाळ्यातल्या दुपारच्या ३८ अंशांपर्यंत गेलं की हवेची घनता नऊ टक्क्यांनी घटते. मुंबई ते नाशिक या चढापेक्षाही हा फरक जास्त. थंडीतही सकाळ आणि दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा पल्ला पडतो. धोका कुठल्या बाजूला आहे ते नीट लक्षात घ्यावं. पहाटे लावलेलं इंजिन दुपारी उडवलं तर ते ओलं चालेल, आळसावेल, पण तगेल. दुपारी लावलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी पहाटे तसंच उडवलं तर दाट, थंड हवेत इंधन अपुरं पडतं, इंजिन कोरडं चालतं आणि तापून पिस्टन-सिलिंडरची वाट लागते. मुठीतल्या यंत्राकडे मोटारीसारखा संगणक नसतो. हवा बदलली हे त्याला सांगायचं काम माणसाच्या बोटाचं आणि कानाचं. म्हणून दर उड्डाणाच्या दिवशी सुई नव्यानं लावायची. कालची जागा ही फक्त सुरुवात.

ही सुई किती दूर नेऊ शकते, याचा जगातला सर्वांत मोठा दाखला अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांचा. २००३च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मॉडेल विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून सोडलं. ते अटलांटिक ओलांडून ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडला उतरलं, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर. वजन जेमतेम पाच किलो. इंजिन १० सीसीचं, फोर-स्ट्रोक, जपानच्या ओएस कंपनीचं, दुकानात मिळणारंच; पण हिल यांनी त्यात इतके बदल केले होते की जवळपास चार लिटर इंधनावर त्यानं समुद्र पार केला. आधीच्या प्रयत्नांतली विमानं पोचली नव्हती. हिल तेव्हा सत्तरीच्या उत्तरार्धात होते, दृष्टी जवळजवळ गेलेली आणि कानही मंद झालेले. घरच्या कामाच्या टेबलावर इंधनाचा थेंबन् थेंब मोजत त्यांनी ते इंजिन लावलं होतं.

नाशिक रोडच्या हौशी माणसाला मात्र अटलांटिकच्या आधी घराजवळचं आकाश पाहावं लागतं. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनुसार शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं मॉडेल वेगळ्या वर्गात धरलं जातं. नोंदणी-परवान्याची कटकट त्यामुळे बरीच हलकी झाली, तरी कुठे उडवायचं याची मोकळीक मिळालेली नाही. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे असतात; लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. एका बाजूला गांधीनगर, दुसरीकडे देवळाली, पलीकडे ओझर, असं असताना इथे नकाशा न पाहता मैदानावर जाणं हा बेजबाबदारपणा ठरेल. कमी उंचीवरून जाणाऱ्या चेतकच्या वाटेत दोन किलोचं बाल्सा लाकडाचं विमान आलं, तर त्याचं गांभीर्य लष्करी वैमानिकाला विचारावं. म्हणून उड्डाण दूर, मोकळ्या आणि हिरव्या पट्ट्यातच. सुई लावण्याचा जमिनीवरचा सराव गावाबाहेरच्या शेताच्या बांधावरही होतो, मालकाला विचारून आणि गुरं लांब असताना.

परत येताना टाकी पूर्ण रिकामी करायची. इंधनाची नळी काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे आत मिथेनॉल उरत नाही. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी रात्रीतून बेअरिंगना गंज चढवतं. पावसाळ्यात तर हमखास. प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून हलक्या तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे, पंखा हातानं आठ-दहा वेळा फिरवायचा आणि इंजिन कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवायचं. त्या दिवशीचं तापमान आणि सुई किती फेरे उघडी होती ते डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं, की पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची ते शोधावं लागत नाही.